डिस्टॉर्शन पेडलला डायोड निवडायचा स्विच: कुठे जोडायचा, किती फरक पडतो आणि काय बिघडतं

प्रश्न थोडक्यात असा: घरी जोडलेलं डिस्टॉर्शन पेडल (गिटारचा सूर खरखरीत करणारा, पायाने चालू-बंद होणारा डबा) आहे. आत एक ७४१ ओपॅम्प (सिग्नल मोठा करणारी चिप) आणि त्याच्या पुढे ग्राउंडला उलटसुलट लावलेले दोन १एन४१४८ डायोड (एकाच दिशेने प्रवाह जाऊ देणारे भाग). याच पेडलला स्विच लावून वेगवेगळे डायोड निवडता येतील का, आणि स्विच कोणता घ्यायचा?

येतील, आणि काम एका संध्याकाळचं आहे. फक्त सहा-सात प्रकारचे डायोड रोटरी स्विचवर चढवायचा मोह टाळा. १एन४१४८, १एन९१४ आणि १एन४००१ अशा तीन जोड्या लावल्या, तर स्विच फिरवणाऱ्यालाच फरक 'ऐकू' येतो, खोलीतल्या दुसऱ्या कुणाला नाही. हे तिन्ही सिलिकॉनच आहेत आणि साधारण त्याच व्होल्टेजला उघडतात. कानाला खरा फरक देणारे गट तीनच: जर्मेनियम, सिलिकॉन आणि एलईडी. तेवढ्यांसाठी एक छोटा टॉगल पुरतो.

तुमचं सर्किट बहुधा एमएक्सआर डिस्टॉर्शन प्लस किंवा डीओडी २५० या पेडलांच्या घराण्यातलं असणार. या दोघांचे आराखडे जवळजवळ सारखे आहेत. ठळक फरक एवढाच, की पहिल्यात जर्मेनियम डायोड आहेत आणि दुसऱ्यात सिलिकॉन. रॅट पेडलचंही तसंच: मूळ रॅटमध्ये सिलिकॉन आणि टर्बो रॅटमध्ये एलईडी. म्हणजे डायोड बदलून वेगळं पेडल विकायची युक्ती कारखान्यांनी केव्हाच वापरली आहे. तुम्ही ती एका डब्यात बसवताय, इतकंच.

आधी आकडे. या सर्किटमध्ये ओपॅम्पच्या आउटपुटला १ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर असतो, त्याच्या पुढे १० केचा (के म्हणजे किलोओहम) रेझिस्टर आणि मग तो सांधा, जिथे डायोड, १ नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर आणि व्हॉल्यूम पॉट (आवाज कमी-जास्त करायची फिरती गुंडी) एकत्र येतात. डायोड सिग्नलच्या लाटेची टोकं इथेच कापतात, त्यालाच क्लिपिंग म्हणतात. म्हणून याला 'क्लिपिंगचा सांधा' किंवा पुढे नुसतं 'सांधा' म्हणू. ९ व्होल्टवर ७४१ काय किंवा टीएल०७२ हा ओपॅम्प काय, मधल्या ४.५ व्होल्टच्या वर-खाली साधारण ३ व्होल्टपर्यंतच जाऊ शकतो. सिलिकॉनपाशी उरलेले अडीच व्होल्ट १० केवर पडतात, म्हणजे डायोडमधून पाव मिलीअँपिअरच्या आसपासच प्रवाह जातो. इतक्या कमी प्रवाहाला डेटाशीटमधले ठळक आकडे लागू पडत नाहीत. जर्मेनियम साधारण ०.२५ व्होल्टला पकडतो, सिलिकॉन ०.५ ते ०.५५ ला, लाल एलईडी १.६ च्या आसपास आणि निळा किंवा पांढरा एलईडी २.६ च्या पुढे.

यातून दोन गोष्टी निघतात. निळा एलईडी लावला, की डायोडने पकडायच्या सुमारासच ओपॅम्पचं डोकं छताला लागतं. म्हणजे ऐकू येतं ते बरंचसं ओपॅम्पचंच क्लिपिंग. दोन लाल एलईडी एकामागे एक लावले, तर ते उघडतच नाहीत आणि जागा फुकट जाते. एलईडी लाल घ्या. तेही साधे, कमी उजेडाचे चालतात.

दुसरी गोष्ट आवाजाच्या पातळीची, आणि बहुतेकांची फसगत इथे होते. सिलिकॉनवरून एलईडीवर गेलं की पातळी ९ ते १० डेसिबलने उसळते. जर्मेनियमवर गेलं की सिलिकॉनपेक्षा सुमारे ६ डेसिबलने पडते. मोठा आवाज कानाला नेहमी 'चांगला' वाटतो. 'एलईडी काय मोकळा वाजतो' आणि 'जर्मेनियम मऊ आहे' या मतांतला बराच भाग निव्वळ व्हॉल्यूमचा असतो. तुलना करताना प्रत्येक वेळी व्हॉल्यूम जुळवून घ्या, मगच मत बनवा.

मग खरा फरक असतो कुठे? तार विझताना. समजा गेन, म्हणजे ओपॅम्प सिग्नल किती पट मोठा करतो तो आकडा, १०० आहे आणि तार छेडल्याबरोबर पिकअपमधून १०० मिलीव्होल्ट येतात. गुणाकार १० व्होल्टचा होतो, म्हणजे तिन्ही प्रकारचे डायोड गच्च क्लिप करतात आणि सुरुवातीचा ठोका बराचसा सारखा वाजतो. आता सूर विझू लागतो. सिग्नल १६ मिलीव्होल्टच्या खाली आला की एलईडी हात सोडतो आणि तिथून पुढे सूर स्वच्छ. सिलिकॉन ५ मिलीव्होल्टपर्यंत धरून ठेवतो, जर्मेनियम अडीचपर्यंत. म्हणून एलईडीवर बोटांचा जोर कळतो आणि कॉर्डमधले सूर सुटे ऐकू येतात, तर जर्मेनियमवर लांब ओढलेला सूर शेवटपर्यंत खरखरत राहतो. शिवाय जर्मेनियमचा वाक जास्त गोल असतो. तो एकदम कापत नाही, हळूहळू दाबत जातो. हे ऐकायला गेन पुरेसा हवा. डिस्टॉर्शनचा पॉट तळाला असेल तर या सर्किटचा गेन तीनच्या आसपास असतो. तेव्हा जर्मेनियम जेमतेम चाटतो आणि बाकीचे दोन्ही झोपलेले. 'स्विच लावला पण फरकच नाही' या तक्रारीचं अर्धं उत्तर इथे आहे.

आता जोडणी. सर्वसाधारण पद्धतीत प्रत्येक जोडीला स्विचची एक बाजू देतात. त्यात खोट अशी, की साधा टॉगल एक संपर्क सोडून दुसरा धरतो. मधल्या क्षणी सांध्यावर एकही डायोड नसतो, तेव्हा ओपॅम्पचे ३ व्होल्ट थेट पुढे जातात आणि ॲम्पमधून 'भॉक' असा आवाज येतो. मधे बंद राहणारा तीन-स्थितींचा टॉगल असेल, तर तो क्षण चांगलाच लांबतो.

त्यापेक्षा सोपी आणि जास्त चांगली रीत: लाल एलईडीची जोडी कायमची बोर्डावर ठेवा, स्विचवर नेऊच नका. समांतर जोडलेल्या डायोडांत ज्याचं व्होल्टेज कमी, त्याचंच चालतं. सिलिकॉन जोडला की सांधा अर्ध्या व्होल्टच्या वर जातच नाही, त्यामुळे १.६ व्होल्टच्या एलईडीला जाग येत नाही. म्हणजे एक पोल (एकच वाट बदलणारा), तीन स्थिती, मधली स्थिती बंद, असा टॉगल घ्यायचा: एका टोकाला सिलिकॉन, दुसऱ्या टोकाला जर्मेनियम आणि मधे दोन्ही सुटलेले, म्हणजे आपोआप एलईडी. सांधा कधीच उघडा पडत नाही. यात 'डायोडच नाही' ही स्थिती जाते, पण ९ व्होल्टवर ती लाल एलईडीपेक्षा मोठी आणि कर्कश असण्यापलीकडे फारसं काही देत नाही.

स्विच सांध्याच्या बाजूला लावायचा की ग्राउंडच्या? ग्राउंडच्या. तिन्ही जोड्यांचं एक टोक सांध्यावर बोर्डातच सोल्डर करा, सिलिकॉन आणि जर्मेनियमची दुसरी टोकं स्विचकडे न्या (एलईडीचं थेट ग्राउंडला) आणि स्विचचा मधला लग, म्हणजे तार जोडायचा पाय, ग्राउंडला जोडा. असं केलं की सिग्नलचा सांधा बोर्डावरच राहतो. डब्यात फिरणाऱ्या तारांपैकी निवडलेली तार ग्राउंडला बसलेली असते, आणि न निवडलेली सांध्याला फक्त डायोडच्या नगण्य कपॅसिटन्समधून दिसते.

बॅटरी काढा आणि जॅकही काढा. सध्याच्या दोन १एन४१४८ चे ग्राउंडकडचे पाय बोर्डातून उचला, एकमेकांना जोडा आणि त्यावरून एक तार टॉगलच्या लग १ ला न्या. जर्मेनियमच्या दोन डायोडांची जोडी बनवा: एकाचा पट्ट्याकडचा पाय दुसऱ्याच्या बिनपट्ट्याच्या पायाला, दोन्ही बाजूंनी. जोडीचं एक टोक सांध्यावर, दुसरं तारेने लग ३ ला. लग २ वरून बोर्डाच्या ग्राउंडला तार. एलईडीची जोडी थेट सांधा ते ग्राउंड. एलईडीत आखूड पाय आणि कडेची सपाट बाजू म्हणजे कॅथोड, तोच डायोडचा पट्टा समजा. तारा बारीक, बहुधाग्यांच्या, १० सेंटिमीटरच्या आत ठेवा. टॉगलची दांडी वर असते तेव्हा मधला लग खालच्या लगला जोडलेला असतो, हे लक्षात ठेवा. डब्यावर नावं उलटी लिहिली जातात ती याच कारणाने.

जर्मेनियमला सोल्डरची उष्णता लवकर बाधते. पाय कापायची घाई करू नका. डायोडचं अंग आणि सोल्डरचा जोड यांच्यामध्ये चिमटा धरा आणि सोल्डरिंग दोन-तीन सेकंदांत आटपा. टॉगलच्या लगांनाही हाच नियम. त्यांच्यावर सोल्डर गन रेंगाळली की आतलं प्लॅस्टिक मऊ होतं, लग वाकडा होतो आणि स्विच कधी लागतो, कधी नाही. असा स्विच दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

जर्मेनियम म्हणून मिळणारा काचेचा डायोड पुष्कळदा शॉटकी (कमी व्होल्टेजला उघडणारी वेगळी जात) निघतो. मल्टिमीटरवर दोन्ही ०.३ च्या आसपास दिसतात, त्यामुळे नुसत्या त्या मापाने कळत नाही. ९ व्होल्टची बॅटरी, १० केचा रेझिस्टर आणि डायोड एकामागे एक लावून डायोडवरचं व्होल्टेज मोजा. मग १० केच्या जागी १ के लावून पुन्हा मोजा. खऱ्या १एन३४ए चं व्होल्टेज चांगलंच चढतं, दुप्पट किंवा त्याहूनही वर. शॉटकीचं सुमारे ०.१ व्होल्टनेच सरकतं. ही चाचणी १एन३४ए सारख्या टोक टेकवलेल्या जातीसाठी आहे. १एन२७० ची बांधणी वेगळी, तिचं व्होल्टेज इतकं चढत नाही, म्हणून तिला या फुटपट्टीने खोटं ठरवू नका. शॉटकी निघाला तरी रडायचं कारण नाही. बॅट४१ सारखा शॉटकी मुद्दाम लावणारेही आहेत. पातळी जवळपास तीच, वाक थोडा तीक्ष्ण, आणि उष्णतेची धास्ती नाही.

आता पातळीची उसळी. ती त्याच स्विचने बरीचशी बसवता येते. एक पोलच्या ऐवजी दोन पोलचा, मधे बंद असलेला टॉगल घ्या. सांध्यावरून व्हॉल्यूम पॉटच्या वरच्या लगला जाणारी वाट तोडा आणि मधे रेझिस्टर घाला: पॉट १०० केचा असेल तर ८२ के, १० केचा असेल तर ८.२ के. दुसऱ्या पोलचे दोन्ही टोकाचे लग एकमेकांना जोडा. हा जोड रेझिस्टरच्या एका पायाला आणि त्या पोलचा मधला लग दुसऱ्या पायाला. दांडी सिलिकॉन किंवा जर्मेनियमकडे असली की रेझिस्टर शॉर्ट होतो आणि पूर्ण पातळी पुढे जाते. दांडी मधे आली, म्हणजे एलईडीवर, की रेझिस्टर वाटेत येतो आणि सुमारे ५ डेसिबल खाली येतात. पूर्ण ९ डेसिबल कापू नका. एलईडीचा सूर कमी दाबलेला असतो, त्यामुळे पातळी अगदी बरोबर केली तर बँडमध्ये तो मागे पडल्यासारखा वाटतो. १०० केच्या पॉटच्या बाबतीत आणखी एक: ८२ के वाटेत आला की आउटपुटचा इंपिडन्स (सिग्नलला होणारा अडथळा) वाढतो आणि पुढे लांब केबल असेल तर वरचे स्वर बुजतात. पेडलनंतर बफर (सिग्नल दणकट करून पुढे देणारा भाग) असलेलं दुसरं पेडल असेल तर काळजी नाही. नसेल तर १० केचा पॉट आणि ८.२ के ही जोडी बरी.

सांध्यावरचा १ नॅनोफॅरड १० केबरोबर सुमारे १६ किलोहर्ट्झला कापतो, म्हणजे कापतच नाही म्हणा. एलईडीवर वरचा भाग टोचत असेल तर तो २.२ नॅनोफॅरडचा करून बघा, म्हणजे कट सुमारे ७ किलोहर्ट्झवर येतो. ४.७ लावला तर साडेतीनच्या खाली. तेवढं बहुतेक ॲम्पवर जास्त होतं.

विषम क्लिपिंगही पुष्कळ जण विचारतात. एका बाजूला एक डायोड, दुसऱ्या बाजूला एकामागे एक दोन. बॉस एसडी-१ या पेडलमध्ये असे तीन डायोड आहेत. त्याला निवडीचा स्विच नकोच. दोनपैकी एका डायोडच्या दोन पायांवर साधा चालू-बंद स्विच आडवा लावा. चालू केला की तो डायोड शॉर्ट होतो आणि दोन्ही बाजू सारख्या होतात. फरक फार मोठा अपेक्षू नका. ग्राउंडकडच्या क्लिपिंगमध्ये आधीचा १ मायक्रोफॅरड विषमतेचा काही भाग खातो. तोच कॅपॅसिटर वाजवताना थोडा डीसी साठवतो, त्यामुळे सूर चालू असताना स्विच हलवला तर 'थप' असा आवाज येऊ शकतो. ठळक विषमता हवी असेल तर एका बाजूला सिलिकॉन आणि दुसऱ्या बाजूला लाल एलईडी लावा.

डायोड ग्राउंडला नसून ओपॅम्पच्या फीडबॅकमध्ये (आउटपुटकडून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेत) असतील, ट्यूब स्क्रीमर पेडलसारखे, तर जोडणीचा नियम बदलतो. तिथे जोड्यांचं एक टोक ओपॅम्पच्या उलट्या इनपुटवर, म्हणजे ७४१ किंवा टीएल०७२ च्या पिन २ वर असतं. ते टोक बोर्डावरच ठेवा आणि स्विच आउटपुटच्या बाजूला लावा: ७४१ ला पिन ६, टीएल०७२ च्या पहिल्या अर्ध्याला पिन १. उलटं इनपुट फार हळवं असतं. तिथून स्विचपर्यंत तार ओढली की ती अँटेनाचं काम करते, आणि गेन पूर्ण उघडला की पेडल गुणगुणतं किंवा शिटी मारतं. आउटपुट दणकट असतं, तिथली तार काही करत नाही. डायोडांना समांतर असलेला ५१ पिकोफॅरडचा कॅपॅसिटर स्विचवर नेऊ नका, तो बोर्डावर कायम राहू द्या. या रचनेत मूळ स्वच्छ सिग्नल क्लिप झालेल्या भागावर स्वार होऊन पुढे जातच असतो, त्यामुळे डायोड बदलल्याचा फरक ग्राउंडकडच्या क्लिपिंगपेक्षा सौम्य लागतो. कायम एलईडी, वरून सिलिकॉन ही युक्ती इथेही तशीच चालते.

जोडून झाल्यावर बॅटरी लावायच्या आधी मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून सांधा आणि ग्राउंड यांच्यामध्ये मोजा, प्रत्येक स्थितीत दोन्ही दिशांनी. सिलिकॉनवर दोन्हीकडे ०.५ ते ०.६, जर्मेनियमवर ०.२ ते ०.४ दिसायला हवं. आकडे थोडे खाली दिसले तर तो १० केच्या व्हॉल्यूम पॉटचा परिणाम असू शकतो, पॉटची एक तार सोडवून पुन्हा बघा. एका दिशेने बरोबर आणि दुसऱ्या दिशेने तसं काही दिसत नसेल, तर जोडीतले दोन्ही डायोड एकाच तोंडाने लागले आहेत. असं पेडल वाजतं, पण लाटेचा एकच अर्धा भाग कापला जातो आणि आवाज अपेक्षेपेक्षा मोठा येतो, म्हणून ही चूक महिनोन्महिने लपून राहते. एलईडीच्या स्थितीत काहीच दिसलं नाही तर घाबरू नका. बऱ्याच मीटरांचं डायोड-माप एलईडी उघडण्याइतकं व्होल्टेज देत नाही.

वाजवताना एका स्थितीत आवाज जवळजवळ बंद होत असेल तर तिथे शॉर्ट आहे, बहुधा लगांमध्ये सोल्डरचा थेंब पडलेला. सगळ्याच स्थितींत आवाज तुटका, घुसमटलेला येत असेल, तर डायोड कॅपॅसिटरच्या चुकीच्या बाजूला गेले आहेत का ते बघा. ते १ मायक्रोफॅरडच्या आधी लागले तर ओपॅम्पचे ४.५ व्होल्ट डीसी थेट डायोडमधून ग्राउंडला जाऊ पाहतात आणि आउटपुट खाली ओढला जातो. १० केच्या आधी लागले तर सिग्नल क्लिप होतो, पण ओपॅम्पवर विनाकारण ताण येतो आणि आवाज कर्कश होतो. स्विच हलवताना सूर बंद असूनही 'टक' येत असेल तर तोच कॅपॅसिटर गळतोय. इलेक्ट्रोलिटिक असेल तर त्याची धन बाजू ओपॅम्पकडे हवी. शक्य असेल तर फिल्मचा लावून टाका.

भोक पाडण्याआधी टॉगलची मान मोजा. मिनी टॉगलला ६ ते ६.५ मिलिमीटर लागतं, त्याहून छोट्याला ५. १५९०बी डबा बाहेरून ३१ मिलिमीटर उंच असतो. दोन पोलच्या टॉगलचं अंग आणि खाली निघालेले लग धरले, की खाली बोर्ड ठेवायला फारशी जागा उरत नाही. झाकण बंद करून, आत सगळं बसल्यावर लग कशाला टेकत नाहीत ना, हे कागदावर आखून घ्या आणि मगच ड्रिल लावा. स्विचची जागा पॉटच्या रांगेत, पण फूटस्विचपासून निदान बुटाच्या टोकाइतकी दूर ठेवा. टॉगलची दांडी पायाखाली आली की पहिली तीच मोडते.